मुहूर्ताचा जोड

जमिनीखाली जे गाडायचं असतं, त्याच्याबद्दल आपल्या लोकांना काडीचा आदर नसतो. गेटच्या कमानीला कोणता रंग द्यायचा यावर रायपूरजवळच्या उरल्यातले कारखानदार आठवडा घालवतील, ऑफिसच्या काचा निळ्या की काळ्या यावरून भावाभावांत अबोला धरतील, पण अर्थिंगची पट्टी कुठून कुठे जाते विचारा, तर म्हणतील, "वो तो ठेकेदार का काम है." माझं काम नेमकं तेच. मी तसल्याच एका ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. कारखान्याच्या पोटाखाली तांब्याच्या पट्ट्यांचं जाळं अंथरायचं, ते प्रत्येक यंत्राला, प्रत्येक पॅनलला जोडायचं, तपासायचं, सही करायची. वरून काँक्रीट पडलं की आपण विसरले गेलो.

विसरले जायला माझी हरकत नाही. ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही, ते हार घेऊन मध्ये येतात, त्याला आहे.

हे जाळं कशासाठी, ते सांगून टाकते. माझ्या आत्याला इतक्या वेळा सांगितलंय की आता तोंडपाठ झालंय. (आत्याला अजून कळलेलं नाही.) यंत्राच्या लोखंडी अंगात कधी चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट पाहिजे. ती वाट नसेल, किंवा असून मध्येच तुटकी असेल, तर वीज काही थांबून राहत नाही. त्या वेळी यंत्राला हात लावून जो उभा असेल, त्याच्यातून ती जाते. बस. यात समजायला अवघड काय आहे, मला कधी कळलं नाही.

पट्ट्या नट-बोल्टने आवळल्या तर जमिनीत गंजतात, सैल होतात. म्हणून आम्ही त्या वितळवून एकजीव करतो. त्यासाठी ग्राफाइटचा एक साचा असतो, काळाकुट्ट, जाड विटेएवढा, मधून उघडणारा. पट्ट्यांची टोकं घासून चकचकीत करायची, साच्यात धरायची, साचा आवळायचा. वरच्या कटोरीत तळाला लोखंडाची पातळ चकती ठेवायची आणि तिच्यावर तांब्याच्या ऑक्साइडची आणि ॲल्युमिनियमची पावडर ओतायची. आमचे मजूर तिला बारूद म्हणतात. वर पेट घेणारी थोडी पावडर भुरभुरायची, झाकण लावायचं, ठिणगी द्यायची. भपकन आग, पांढरा धूर, आणि तेवढ्यात वितळलेलं तांबं चकती फोडून खाली पट्ट्यांवर उतरलेलं असतं. साचा उघडला की कुठली पट्टी कुठे संपली ते सापडत नाही. वेल्डिंगचं मशीन नको, वीज नको. सांभाळायची गोष्ट एकच, साचा कोरडा पाहिजे. ओल राहिली की तिची वाफ होते, वाफ उकळत्या तांब्यात अडकते आणि जोड आतून पोकळ होतो. म्हणून आधी बर्नरने साचा सणसणीत तापवून घ्यायचा. एवढंच. यात मंत्र कुठेही नाही.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. आजोबा गोंदियाकडून रेल्वेच्या गँगमध्ये लागून रायपूरला आले, बाबा रेल्वेतच खलाशी, म्हणजे हातकामगार, म्हणून निवृत्त झाले. मला माझ्या डिग्रीचा गर्व आहे. लोक सुचवतात, गर्व म्हणू नये, अभिमान म्हणावं. मी गर्वच म्हणते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या भिंतीवर टांगल्यात, त्यांनी खुशाल विनय पाळावा, त्यांना परवडतो. आमच्या पाहुण्यांची तर वेगळीच तऱ्हा. इंजिनिअर म्हटल्यावर यांना वाटलं, पोरगी एसीत बसत असेल. मी बूट घालून खड्ड्यात उतरते कळल्यावर एकेकाचं तोंड कडू झालं. "एवढी शिकून मातीतच काहून गेली?" असं विचारणारा माझा मावसा स्वतः मॅट्रिकला दोनदा आपटलेला आहे.

तर ते दिवस नवरात्र संपून दिवाळी यायच्या मधले होते. उरल्यात एका रोलिंग मिलची नवी शेड उभी राहत होती. लोखंडाच्या कांड्या तापवून लाटायच्या, त्याचा कारखाना. आमची पट्ट्या अंथरण्याची कामं होत आली होती आणि पहिला जोड करायचा होता. मी बेत आखला होता सकाळी गुपचूप काम सुरू करायचा. पण आमच्या सुपरवायझरने सेठच्या कानात सांगितलं की पहिला जोड पेटतो तेव्हा अनार उडाल्यासारखं दिसतं. मग काय विचारता! सेठने पूजा ठेवली.

हा सुपरवायझर आमच्याच ठेकेदाराचा माणूस, वयाने माझ्याहून पुष्कळ मोठा, मूळचा आमच्याच बाजूचा मराठी. सेठपुढे हिंदीत लोटांगण घालायचं आणि माझ्यापुढे मराठीत शहाणपण करायचं, ही त्याची नोकरी. मी त्याला काका म्हणते. तो मला समोर मॅडम म्हणतो आणि वळले की पोट्टी.

सकाळी साइटवर गेले तर खड्ड्याच्या कडेला लाल गालिचा. पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या, झेंडूच्या माळा, पंडित, मिठाईचे डबे. ज्या शेडमध्ये कामगारांना प्यायच्या पाण्याचा माठ ठेवा म्हणून मी महिनाभर ओरडत होते, तिथे त्या दिवशी गंगाजल आलं होतं. सेठची आई, माताजी, मधल्या खुर्चीवर बसली होती. सगळा कारखाना तिला माताजी म्हणतो, सेठसुद्धा चारचौघांत आई न म्हणता माताजीच म्हणतो. बारीक अंगाची, ताठ पाठीची बाई. पदर कपाळापर्यंत, पण नजर सगळीकडे.

मी साचा तापवून घेतला होता. चांगला कोरडा खडखडीत. बर्नर बंद केला आणि म्हटलं, चला, पटकन भरू. तेवढ्यात पंडिताने फडक्याने उचलून तो पाटावर ठेवला. त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मग अक्षता. मग कटोरीत झेंडूचं फूल. मग माताजीने आंब्याच्या पानांनी गंगाजल शिंपडलं, एकदा नाही, भरपूर. गरम ग्राफाइटवर पाणी चुरचुरलं तसा पंडित म्हणाला, "देखिए, अग्निदेव बोल रहे हैं!" मग नारळ फुटला आणि माताजीने त्याचं पाणी वाकून साच्याच्या तोंडात ओतलं. सरळ तोंडात. जसं काही त्याला तहान लागली होती.

मी सुपरवायझरच्या बाजूला सरकले. "काका, साचा ओला झाला. परत तापवावा लागते."

"आता? मुहूर्त चालू हाय मॅडम."

"थोडा वेळ द्या फक्त. बर्नर इथंच आहे."

"थोड्या वेळात राहुकाल लागते म्हणे."

"लागू द्या ना. राहुकालात तांबं वितळत नाही असं कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जशी काही मी लहान मूल आहे. "तुमच्यात नसते ना हे, म्हून तुम्हाले समजत नाही."

आमच्या घरी नारळ फुटत नाही, बुद्धवंदना होते, हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक असलेली गोष्ट त्याने नेमकी त्या वेळी काढली. मी देवाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. मी पाण्याबद्दल बोलत होते. पाणी गंगेचं असो की बोअरचं, तापवलं की दोघांचीही वाफच होते. ती काही माझी जात विचारत नाही. पण या लोकांशी हाच त्रास आहे. तुम्ही ओल म्हणा, त्यांना विटाळ ऐकू येतो.

मी सरळ सेठकडे गेले. "सर, साचा फिर से गरम करना पड़ेगा. पानी गया है अंदर. जोड़ खराब आएगा."

सेठ हसला. त्याच्या कपाळावरचा टिळा ताजा होता. "मैडम, आज के दिन शुभ-शुभ बोलिए."

"शुभच बोलून राहिले सर," मी मराठीतच म्हटलं, कारण माझी गोड हिंदी संपली होती. "मैं फायर नहीं करूंगी."

"आप मत कीजिए," सेठ म्हणाला आणि सुपरवायझरकडे पाहिलं. त्याने गळ्यातल्या गमछ्याने साचा पुसला. गमछ्याने! अंगाचा घाम पुसलेल्या गमछ्याने! मग फूल काढलं, पट्ट्या धरल्या, बारूद भरली. मला एवढंच करता आलं की खुर्च्या मागे ओढायला लावल्या. "पीछे, और पीछे," म्हणून मी ओरडत होते आणि सेठचा मेव्हणा मोबाइल धरून पुढे येत होता.

सुपरवायझरने ठिणगी दिली. चांगला जोड पेटतो तो शहाण्यासारखा, एकदा भपकतो आणि गप्प होतो. हा थुंकला. फड-फड-फड करत तांब्याचे थेंब चारी बाजूंना उडाले, गालिच्याला भोकं पडली, पंडिताच्या उपरण्याला जळका वास आला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मेव्हणा म्हणाला, "क्या बात है, दिवाली हो गई!" ज्या आवाजावरून मला जोड बिघडल्याचं कळलं, त्या आवाजाला हे टाळ्या वाजवत होते.

साचा उघडला. जोड कसा होता म्हणाल, तर अनारसा. वरून जाळी, कडेला भोकं, एका अंगाला तांबं पट्टीवर नुसतं टेकलेलं. मी काही म्हणायच्या आत सेठ खड्ड्यात उतरला, अजून कोमट असलेल्या जोडाला त्याने पूजेतला मौलीचा लाल दोरा गुंडाळला आणि वर बघून म्हणाला, "पहला जोड़. माताजी के हाथ का." सगळ्यांनी हात जोडले. मग मिठाई.

आता हा जोड कुठला होता, ते ऐका. भट्टीच्या मुख्य पॅनलवरून उतरणारी पट्टी जमिनीखालच्या जाळ्याला जिथे मिळते, तो. त्या पॅनलपाशी पाळीभर एक माणूस उभा राहणार. उरल्यातला भट्टीवरचा माणूस म्हणजे घामाने निथळलेला, पायात झिजलेली चप्पल. त्याचा हात दिवसातून कितीदा त्या लोखंडी दाराला लागणार. आणि परवा सकाळी तिथे काँक्रीट पडणार होतं. एकदा पडलं की तो जोड कोणाला दिसणार नाही. दिसेल तो ज्या दिवशी माणूस पडेल त्या दिवशी. आणि तेव्हाही लोक म्हणतील, बिचाऱ्याचा काळ आला होता.

मी सुपरवायझरला म्हटलं, "हा कापायचा. आजच."

"बापा! मौली बांधली हाय त्याले."

"मौलीतून वीज जाते का?"

"हे पाहा मॅडम, असं करू. हा राहू द्या जसाचा तसा. बाजूनं एक तुकडा टाकू, नट-बोल्टनं आवळून देऊ टाइट. वरून काँक्रीट. कोण पाहून राहिलं?"

कोण पाहून राहिलं! या तीन शब्दांवर या गावातले अर्धे कारखाने उभे आहेत. नट-बोल्ट जमिनीत टिकत नाहीत म्हणूनच तर हा खटाटोप. आणि हा तोच नट-बोल्ट मला औषध म्हणून सांगत होता.

सेठकडे गेले तर तो हात झटकून मोकळा. "देखिए मैडम, माताजी ने अपने हाथ से किया है. उनसे पूछे बिना कोई हाथ नहीं लगाएगा."

"तो पूछिए ना सर."

यावर एवढा मोठा कारखानदार, पाच गाड्यांचा मालक, इकडेतिकडे बघायला लागला. "मैं नहीं पूछूंगा. अपशकुन की बात कौन करे उनसे?"

ठेकेदारसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, सेठला नाराज करू नको, पुढच्या शेडचं कामही त्याच्याकडेच आहे, सही करून टाक. मी म्हटलं, करणार नाही. ते म्हणाले, मग सही करणारे पुष्कळ आहेत, तू घरी बस. फोन ठेवला त्यांनी. म्हणजे आता गोष्ट अशी होती: परवा सकाळपर्यंत तो जोड निघाला तर निघाला, नाहीतर तोही गाडला जाणार आणि माझी नोकरीही.

घरी सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने विळीवरून मान वर केली नाही. "एका तुकड्यासाठी नोकरी घालवतं का?"

"तो तुकडा नाही आई."

"मंग काय सोन्याचा हाय?"

बाबा खाटेवर पेपर वाचत होते. "सेठलोकाईशी कायले लागून राहिली तू? आपलं काम सांगायचं, ते सांगितलं. आता त्याईच्या जिवावर."

"त्यांच्या नाही ना बाबा. भट्टीवरचा माणूस सेठच्या घरचा नाही."

"मंग त्या बुढीलेच विचार जाऊन," आई विळी सरकवत म्हणाली. "सारे तिलेच भेतात म्हणते ना?" ती चिडवायला म्हणाली होती. सेठच्या आईच्या घरी माझ्यासारखीने जाऊन पूजेत खोट काढायची, यापेक्षा हास्यास्पद तिला काही सुचलं नसेल. पण खरं सांगायचं तर दुसरा मार्ग उरला नव्हता. ज्या एका माणसाला विचारायचं होतं, त्याला विचारायची छाती कोणालाच नव्हती. सगळे पुरुष. सगळे मिशावाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटी काढून रायपूरच्या जुन्या वस्तीत, बूढापाऱ्यात गेले. सेठ राहतो नव्या कॉलनीत, पण माताजीने जुनं घर सोडलेलं नाही. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून दुसरी गाडी आली तर एकाने नालीत पाय ठेवावा. दार उघडंच होतं. माताजी ओसरीवर बसून दिवाळीसाठी पितळेची भांडी चिंचेने घासत होती. दोन मोलकरणी बाजूला उभ्या, हात रिकामे; त्यांच्या घासण्यावर तिचा विश्वास नसावा.

"तू वही है ना, कुर्सियां पीछे करवाने वाली," ती म्हणाली.

"जी माताजी. जोडाचं सांगायला आले. वो जोड़ खराब हुआ है."

मोलकरणींचे डोळे मोठे झाले. माताजीचा हात थांबला नाही. "कैसे?"

मी रस्त्याने येताना ठरवून आले होते की बाईला समजेल असं सांगायचं. म्हणून म्हटलं, "देखिए, जैसे कड़ाही में गरम तेल हो, और उसमें पानी की बूंद..."

"रुक." तिने तांब्या खाली ठेवला. "घर की औरत देखी तो पूड़ी-कचौड़ी? कारखाने की बात करने आई है तो कारखाने की कर. ये मिल मेरे आदमी ने लगाई थी, तब तेरा सेठ नाक पोंछना नहीं जानता था."

मला राग आला, आणि बरंही वाटलं. निदान इथे कोणीतरी सरळ बोलत होतं. मग मी सरळ सांगितलं. बारूद म्हणजे काय, ती पेटल्यावर तांबं कसं निघतं, साचा का तापवतात, ओल राहिली की आत वाफ कशी अडकते. तो जोड कुठल्या पॅनलचा आहे. तिथे कोण उभं राहणार. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आदमी को लगेगा?"

"आज नाही लागणार. कधी लागेल ते सांगता येत नाही. पर लगेगा तो वही जोड़ काम नहीं आएगा."

"तो पानी मैंने डाला, इसलिए बिगड़ा."

मी काय काय म्हणू शकत होते! नशीब म्हणू शकत होते, पंडिताची चूक म्हणू शकत होते, सुपरवायझरच्या गमछ्यावर ढकलू शकत होते, आणि गमछा होताच की. पण जे होतं ते होतं. "जी. आपके पानी से. नारियल के पानी से ज़्यादा."

"और तूने उस टाइम नहीं बोला?"

"बोलले होते. सुपरवाइज़र को बोला, सेठ को बोला."

"मुझे नहीं बोला."

"आपके पास आने नहीं देते."

ती चिंचेचा हात तसाच धरून एका मोलकरणीला म्हणाली, "फोन लगा उसको." फोन तिच्या कानाशी धरला गेला आणि मी ऐकलं. "तेरे को बोला था लड़की ने? ... हां कि ना? ... तो मेरे नाम से खंडित चीज़ ज़मीन में गाड़ रहा था? ... शुभ-अशुभ मेरे को मत सिखा. सुबह निकलवा. मैं आती हूं." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, बहुतेक "जी" एवढंच असावं. या शब्दाला काही डिग्री लागत नाही.

खंडित. तिने तो शब्द वापरला, मी नाही. फुटकी मूर्ती घरात ठेवत नाहीत, तसा फुटका जोड जमिनीत ठेवायचा नाही, हे तिचं कारण. माझं कारण वेगळं होतं आणि ते मी तिला अगदी सांगोपांग सांगितलं होतं. तिला ते समजलंही होतं. तरी फोनवर तिने स्वतःचंच कारण सांगितलं, आणि मुलाला तेच लागू पडलं. मी चार वर्षं शिकले त्याचा त्या फोनमध्ये एक शब्द नव्हता. स्कूटी चालू करताना मी चडफडत होते, ते लपवत नाही.

सकाळी काँक्रीटचा मिक्सर गेटबाहेर उभा आणि माताजी खड्ड्याच्या कडेला. तिच्या पाठीमागे सेठ, त्याच्या पाठीमागे सुपरवायझर. उतरत्या क्रमाने वाकलेले. ग्राइंडरने जोड कापला. मधून कापल्यावर आतली भोकं उघडी पडली, एका भोकात माझी करंगळी जाईल एवढी. माताजीने तो तुकडा हातात घेऊन उलटापालटा केला, मौलीचा दोरा काढून पदराला बांधला आणि तुकडा सेठच्या हातात दिला. "तालाब में डाल आ. खुद."

"मी तं पहिलेच म्हटलं होतं मॅडमले, हे काही बरं नाही वाटून राहिलं," सुपरवायझर माझ्या कानाशी म्हणाला.

"कधी म्हटलं काका?"

"मनात म्हटलं होतं ना."

मग पूजेचा प्रश्न आला. माताजी म्हणाली, पूजा तर परत होणार. मी म्हटलं, होऊ द्या, पण तापवायच्या आधी. आणि साच्याच्या तोंडात काही जायचं नाही. फूल नाही, तांदूळ नाही, पाणी नाही.

"फिर नारियल कहां फूटेगा?"

"उधर. दीवार के पास."

पंडिताने तोंड वाकडं केलं. "विधि में ऐसा नहीं है."

"विधि में ग्राफाइट है क्या?" माताजी म्हणाली. नारळ भिंतीपाशी फुटला. कुंकू साच्याच्या बाहेरून लागलं, आणि मी बर्नर पेटवला तेव्हा ते काळं पडून उडून गेलं. या वेळी खुर्च्या नव्हत्या, गालिचा नव्हता, मेव्हणा तर नव्हताच. मी हळूहळू सगळ्या अंगांनी साचा तापवला, दोन्ही पट्ट्या पुन्हा घासल्या, स्वतः भरलं, स्वतः ठिणगी दिली. भपकन एकदा, आणि गप्प. कोणी टाळी वाजवली नाही. चांगल्या कामाला या गावात टाळी पडत नाही, हे मला आधीच माहीत होतं. साचा उघडला, वरची राख ठोकून काढली, हातोडीने वाजवून पाहिला, मीटर लावलं. पट्ट्या एकजीव झाल्या होत्या. मग मी सही केली आणि मिक्सर आत घेतला. ठेकेदारसाहेबांचा फोन दुपारी आला. घरी बसायचं त्यांनी काही काढलं नाही, पुढच्या शेडचा नकाशा कधी पाहतेस एवढंच विचारलं.

यावर लोकांना वाटेल, सुपरवायझर काही शिकला असेल. शिकला, पण काय शिकला ते ऐका. सिलतऱ्याच्या बाजूला आमचं दुसरं काम चालू झालं तेव्हा तो नव्या मजुरांना साचा तापवायला लावत होता. मी जवळ गेले तर तो सांगत होता, "अच्छे से गरम करो. माताजी का हुकुम है. उनका जोड़ बिना गरम किए खंडित हो गया था." मी तिथेच उभं राहून त्याला परत समजावलं. ओल, वाफ, भोकं.

"हव, हव मॅडम," तो म्हणाला. "तुमचं बी बरोबर हाय."

'बी'!

तिथल्या मालकानेही पूजा ठेवली होती. पंडिताने आंब्याची पानं कलशात बुडवली आणि साच्याकडे हात नेला, तसा सुपरवायझर धावत आला. त्याने आपला गमछा न वापरता दोन्ही तळहात साच्याच्या तोंडावर आडवे धरले. साचा अजून गरम होता, हात भाजले असतील. "इसमें नहीं पंडितजी! ऊपर पानी नहीं चलता, माताजी ने मना किया है. नारियल उधर, दीवार के पास." पंडिताने विचारलं, कोण माताजी? तर म्हणाला, "बूढापारा वाली. बहुत मानता है सब लोग."

शिंपडलेलं पाणी त्याच्या हातांच्या पाठीवर पडलं आणि बाजूला ओघळलं. माझ्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पण साचा कोरडा होता.